एड (कॉलेजची आर्थिक मदत) लागणारच असेल तर अर्ली डिसिजन (ईडी) करावं का? (लेक सिनियर, १ नोव्हेंबर तोंडावर)

शेवंती | ९ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहिते क्वचितच. यावेळी झोप उडालीय म्हणून लिहितेय.

आम्ही न्यूजर्सीत. लेक सिनियर (बारावी), धाकटा सोफोमोर (दहावी). नवरा आयटीत, मी शाळेत मदतनीस शिक्षिका, दोघांचं मिळून २०२४ च्या टॅक्स रिटर्नवर १,६५,००० डॉलरच्या आसपास. आम्ही दोघं ग्रीनकार्डवर, मुलं इथेच जन्मलेली. लेकीला न्यू इंग्लंडमधलं एक छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज मनापासून आवडलंय, एप्रिलमध्ये बघून आलो तेव्हापासून त्याचा झेंडा तिच्या भिंतीवर आहे. राहून-खाऊन वर्षाचा खर्च ९० हजारांच्या वर. काउन्सेलर म्हणते इथे शिरायचं असेल तर ईडीच कर (एकाच कॉलेजला लवकर अर्ज, घेतलं तर जायचंच असा करार), अर्धा वर्ग तिथेच भरतो, रेग्युलर म्हणजे नेहमीच्या फेरीला तुझ्यासारखी प्रोफाइल घेऊन हजारो मुलं येतात.

आम्हाला वर्षाला ३५ हजार जमतील, फार ओढूनताणून ३८. त्याच्या वर गेलं तर धाकट्याच्या वाटचं काढावं लागेल नाहीतर रिटायरमेंटला हात. आणि हे लेकीला अजून सांगितलेलंच नाही. आमच्या घरात मुलांसमोर पैशाचं बोलत नाहीत, माझ्या माहेरीही नव्हते बोलत, "तू अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघू" एवढंच.

त्या करारावर तीन सह्या लागतात, तिची, आमच्यापैकी एकाची आणि काउन्सेलरची. परवा पोर्टल उघडून बसले आणि हात पुढे जाईना. ज्यांनी एड हवी असताना ईडी केलंय, किंवा मुद्दाम केलं नाही, त्यांनी प्लीज लिहा.

वाटसरू | १० ऑक्टोबर, सकाळी ६:१५

शेवंती, मुलाने दोन वर्षांपूर्वी ईडी केलं, एड घेऊनच गेला, आता सेकंड इयरला आहे. त्यामुळे पहिलं हे सांगतो की एड मागणाऱ्याने ईडी करूच नये असं काही नाही.

करारातच एक वाक्य आहे, ते काउन्सेलर लोक पटकन वाचून पुढे जातात. एडसाठी अर्ज केलेल्या मुलाला मिळालेल्या रकमेत कॉलेजला जाणं शक्य होत नसेल तर तो प्रवेश नाकारू शकतो आणि ईडीच्या बांधिलकीतून मोकळा होतो. म्हणजे तुम्हाला कोणी बेड्या घालून नेत नाही, कोर्टातही खेचत नाही. पण एडसाठी रीतसर अर्ज केलेला हवा, नंतर जाऊन "आम्हाला महाग वाटतंय" म्हटलं तर ते धरत नाहीत. आणि आधी एड ऑफिसशी बोलावं लागतं, कागद दाखवावे लागतात, मग सोडतात.

तारखांचं सांगतो. ईडीचा अर्ज बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. सीएसएस प्रोफाइल (बऱ्याच खाजगी कॉलेजांचा एडसाठीचा फॉर्म) साधारण त्याच सुमारास भरायचं, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. फाफ्सा, म्हणजे सरकारी एडचा फॉर्म, तोही आत्ताच भरून टाका. ईडीला प्रवेश मिळाला आणि स्वीकारला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. ईडी टू म्हणून दुसरी फेरी असते बऱ्याच ठिकाणी, अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीत, बांधिलकी तीच.

आमचं जमलं कारण आम्ही आधी आकडा ठरवला होता आणि कॉलेजच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरने एड वजा जाता किती भरावं लागेल म्हणून दाखवलेला आकडा त्याच्या बराच खाली आला होता. पत्र आलं तेव्हा फरक हजारभर डॉलरचा निघाला, तेवढा चालला.

टेकडीवरचा | १० ऑक्टोबर, दुपारी १:०५

माझं मत सरळ विरुद्ध आहे आणि ते मांडतोच. ईडी ही ज्यांना किंमत विचारायची गरज नाही त्यांच्यासाठीची रांग आहे. मार्च-अखेरीला तीन-चार कॉलेजांची पत्रं समोर ठेवून तुलना करायची आणि १ मेपर्यंत ठरवायचं, हा जो आपल्यासारख्यांच्या हातातला एकमेव पत्ता आहे तो तुम्ही नोव्हेंबरातच टाकून मोकळे होता.

हे मी एकटा म्हणत नाहीये. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने अर्ली फेरी बंद केली होती, कारण हेच दिलं होतं की याचा फायदा आधीच सुस्थितीत असलेल्या मुलांना होतो. २०११ मध्ये परत आणली, पण बांधून न ठेवणारी. आणि आत्ता याच ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टात ३२ कॉलेजांवर दावा लागलाय की ईडीमुळे कॉलेजांमधली स्पर्धा संपते आणि मुलांना जास्त पैसे मोजावे लागतात. निकाल लागेल तेव्हा लागेल, पण मुद्दा आपल्याच स्वयंपाकघरातला आहे.

मेरिट स्कॉलरशिपचंही (गरजेवर नाही, गुणांवर मिळणारी) तेच. जी कॉलेजं चांगल्या मुलांना ओढायला मेरिट देतात, त्यांनी आधीच बांधून घेतलेल्या मुलीला ओढायची गरज काय? माझ्या दोन्ही मुली ईए (अर्ली ॲक्शन, लवकरची पण न बांधणारी फेरी) आणि रेग्युलर करून गेल्या. आपल्या न्यूजर्सीच्या सरकारी रटगर्सला १ नोव्हेंबरपर्यंत ईए आहे, बांधिलकी नाही. ते तर टाकाच, काहीही ठरवलंत तरी.

कडीपत्ता | १० ऑक्टोबर, रात्री ९:३०

मी एका छोट्या खाजगी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसमध्ये नऊ वर्षं काम केलंय, आता नाही करत. वरच्या दोघांचंही बरोबर आहे पण एक गोष्ट नीट वेगळी काढून ठेवूया.

गरजेवर मिळणारी एड काढायचा कॉलेजचा फॉर्म्युला ईडीला वेगळा आणि रेग्युलरला वेगळा नसतो. जी कॉलेजं पूर्ण गरज भागवू म्हणतात तिथे तुमचा आकडा डिसेंबरात जो येईल तोच साधारण मार्चमध्ये येईल. रेग्युलर केल्याने तेच कॉलेज स्वस्त होत नाही. फरक एवढाच की मार्चमध्ये तुमच्या हातात दुसरी पत्रं असतात, ती दाखवून पुन्हा विचार करा म्हणता येतं, आणि नाहीच जमलं तर दुसरीकडे जागा तयार असते.

म्हणून प्रश्न असा विचारायचा, की त्यांनी *त्यांच्या* हिशोबाने काढलेली गरज आणि *तुमच्या* हिशोबाची गरज यात अंतर किती? लोकांना वाटतं जितके पैसे कमी तितका ईडीचा धोका जास्त. उलट आहे. घरात चाळीस हजार उत्पन्न, मालमत्ता काही नाही, अशा मुलीला पूर्ण गरज भागवणाऱ्या कॉलेजात ईडी केलं तर आकडा जवळपास शून्यालाच येतो, तुलना करायला काही उरतच नाही. अशा मुलांसाठी क्वेस्टब्रिजसारखा (कमी उत्पन्नाच्या हुशार मुलांना कॉलेजांशी जोडणारा उपक्रम) रस्ताही आहे, डिसेंबरात जुळलं की चारही वर्षांचा खर्च कॉलेज देतं. खरा धोका आपल्यासारख्या मधल्यांना. दीड-पावणेदोन लाख उत्पन्न, घराचं कर्ज बरंचसं फिटलेलं, इकडे थोडं तिकडे थोडं. कागदावर आपण सुखवस्तू दिसतो आणि महिनाअखेरीला खात्यात काही नसतं.

शेवंती, दोन प्रश्न विचारते, राग मानू नका. घराची आजची किंमत किती आणि कर्ज किती उरलंय? आणि भारतात तुमच्या नावावर काही आहे का?

शेवंती | १० ऑक्टोबर, रात्री १०:५०

राग कसला, उलट कोणी विचारलंच नव्हतं. घर साडेसहा लाख डॉलरच्या आसपास, कर्ज २,९०,००० उरलंय. भारतात कोथरूडला एक टू बीएचके आहे, २०१३ ला घेतलेला, आज एक कोटी वीस लाख म्हणतात, वीस लाख कर्ज बाकी. भाडं २५ हजार येतं ते हप्त्यातच जातं. तो सासूबाईंसाठी घेतला होता. तो पण सांगायचा असतो का?? मी कॅल्क्युलेटरमध्ये टाकलाच नाही, आकडा ३३ हजार आला म्हणून आम्ही खुशीत होतो.

कडीपत्ता | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

सांगायचा असतो. फाफ्सालाही आणि सीएसएसलाही. राहतं घर फाफ्सा धरत नाही, पण दुसरी कुठलीही स्थावर मालमत्ता धरतो, मग ती एडिसनला असो की कोथरूडला. ४०१के सारखी रिटायरमेंट खाती तिथे मोजत नाहीत, हे लक्षात ठेवा. मुलीच्या नावाने ५२९ (शिक्षणासाठीचं बचत खातं) असेल तर तो पालकांची मालमत्ता म्हणूनच धरतात.

हिशोब करून दाखवते. फ्लॅटचे एक कोटी वीस लाख, वजा कर्ज वीस, उरले एक कोटी. ८८ च्या दराने साधारण १,१३,००० डॉलर. पालकांच्या मालमत्तेचा पाचेक टक्के हिस्सा दरवर्षी शिक्षणाला लावता येईल असं गृहीत धरतात, म्हणजे ५,७०० डॉलर. वर भाड्याचे वर्षाला तीन लाख रुपये म्हणजे ३,४०० डॉलर उत्पन्नात. तुम्हाला तो फ्लॅट म्हणजे सासूबाईंची सोय वाटते, पण कॉलेजच्या दृष्टीने तो विकता येण्यासारखा ऐवज आहे. चार वर्षं धरा, म्हणजे अंतर केवढं पडतं बघा.

आता राहतं घर. इथे कॉलेजागणिक फरक आहे. हार्वर्ड, प्रिन्स्टन राहत्या घराची किंमत धरत नाहीत, पेनने २०२५-२६ पासून सोडून दिलंय. काही जण धरतात पण उत्पन्नाच्या काही पटीवर थांबतात. काही पूर्ण धरतात. तुमची इक्विटी, म्हणजे किंमत वजा कर्ज, ३,६०,००० पूर्ण धरली तर पाच टक्क्यांनी १८ हजार होतात. म्हणून त्या कॉलेजच्या एड ऑफिसला फोन करून एवढंच विचारा, राहत्या घराची इक्विटी तुम्ही कशी धरता, मर्यादा आहे का, आणि परदेशातली मालमत्ता कुठल्या रकान्यात टाकू. फोन उचलणारे लोक मदत करतात, मी स्वतः रोज असे फोन घ्यायचे. फोन केल्याने मुलीच्या अर्जावर काही परिणाम होत नाही.

नेट प्राइस कॅल्क्युलेटर प्रत्येक कॉलेजच्या साइटवर असणं २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे, पण कॅल्क्युलेटर कॅल्क्युलेटरमध्ये फरक आहे. काही पाच प्रश्न विचारून मोकळे होतात. मायइन्ट्यूशन म्हणून वेलस्लीच्या एका प्राध्यापकांनी बनवलेलं सोपं आहे, बरीच कॉलेजं वापरतात, अंदाजाला छान, पण भाड्याची मालमत्ता, धंदा, घटस्फोट यातलं काही असेल तर लांबलचक प्रश्न विचारणाऱ्या कॅल्क्युलेटरवरच विश्वास ठेवा. आणि टॅक्स रिटर्न शेजारी ठेवून भरा, आठवणीने नाही.

धाकट्याचं एक. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की फाफ्सा पूर्वी पालकांचा वाटा विभागायचा, २०२४-२५ पासून ते गेलं. सीएसएसवाली बरीच कॉलेजं अजून बघतात. तुमची दोन वर्षं एकत्र येणार, तेही फोनवर विचारा.

रानजाई | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:४५

मी इथे बहुतेक सगळ्यात लहान असेन, मीच ती मुलगी आहे जिने ईडी करून नाकारलं, म्हणून लिहिते. कॉलेजचं नाव नको, आता त्याचा काही उपयोग नाही.

बाबांचा एका ग्रोसरी स्टोअरमध्ये भागीदारीचा हिस्सा आहे. कॅल्क्युलेटरने आम्ही वर्षाला भरायचे २६ हजार दाखवले होते. डिसेंबरात संध्याकाळी सात वाजता निकाल लागला, मला घेतलं होतं, आई देवापुढे साखर ठेवून आली आणि तीच माझ्या हातावर दिली, आजीला नाशिकला फोन लावला, तिकडे पहाट होती तरी लावला. एडचं पत्र दुसऱ्या दिवशी दुपारी पोर्टलवर आलं. मी केमिस्ट्रीच्या लॅबबाहेर उभी राहून फोनवर उघडलं. ४१ हजार. मला वाटलं मी चुकीची ओळ वाचतेय. परत वाचलं. मग गॉगल परत चढवला आणि लॅबमध्ये गेले, कारण दुसरं काय करायचं ते कळेना.

झालं असं होतं की दुकानाचा डेप्रिसिएशन (घसारा) टॅक्समध्ये वजा केला होता, तो कॉलेजने परत मिळवला, म्हणजे बाबांचं उत्पन्न आमच्या रिटर्नपेक्षा त्यांच्याकडे बरंच जास्त धरलं गेलं. कॅल्क्युलेटरने हे विचारलंच नव्हतं. आम्ही अपील केलं, बाबांनी फ्रीझरच्या कर्जाचे कागद स्कॅन करून पाठवले, एड ४ हजारांनी वाढवली. ३७. तरी नाही जमत. मग फोनवर बोलणं झालं आणि त्यांनी सोडलं, त्या बाईंचं बोलणं सभ्य होतं, कोणी धमकी वगैरे दिली नाही.

पण तारीख होती २३ डिसेंबर. रेग्युलरच्या डेडलाइन १ जानेवारीच्या आगेमागे. माझ्याकडे बाकी कॉलेजांचे निबंध नव्हतेच, मी इतकी धरून चालले होते. सहा दिवसांत सात निबंध लिहिले, चांगले झाले नाहीत ते मला तेव्हाच कळत होतं. काउन्सेलर सुट्टीवर. शेवटी स्टेट युनिव्हर्सिटीच्या ऑनर्समध्ये मेरिट घेऊन गेले, तिथलं ईए आधीच टाकलेलं होतं म्हणून वाचले, आणि आता मास्टर्स करतेय, माझं बरं चाललंय.

काकू, मला राग आला होता तो कॉलेजचा नव्हता. आई-बाबांना ३० च्या वर झेपणार नाही हे मला १७ डिसेंबरला कळलं याचा होता. ऑक्टोबरात सांगितलं असतं तर मी तो अर्ज केला असता की नाही माहीत नाही, पण निबंध तरी लिहून ठेवले असते. तिला सांगा. आकड्यासकट सांगा.

वाटसरू | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

रानजाई, फार मोलाचं लिहिलंस. आमच्या मुलाचे निबंध आम्ही मागे लागून डिसेंबरच्या आधी लिहून घेतले होते, तो चिडायचा, पण ते लागतातच, प्रवेश नाही मिळाला तरी लागतात.

भीमाकाठ | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:३० (भारतीय वेळ)

मी सोलापूरहून लिहितोय. विषय थोडा वेगळा असेल तर माफी. मुलगा बारावी सायन्सला, फिजिक्समध्ये जीव आहे त्याचा. त्याच्या शाळेतल्या एका सरांनी अमेरिकेचं डोक्यात घातलंय. माझं उत्पन्न १४ लाख, बायको अंगणवाडी पर्यवेक्षिका. घर स्वतःचं, कर्ज नाही. भारतातल्या मुलांना एड मिळते का? आणि ईडी केल्याने चान्स वाढतो म्हणतात ते आमच्यासाठी खरं आहे का?

गोधडी | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:००

दादा, विषय अजिबात वेगळा नाही, आमच्या घरी हाच प्रश्न झाला होता, फक्त आम्ही टेक्सासमध्ये बसून. नवरा एच-१बी (कामाचा व्हिसा), लेक एच-४ (त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचा), ती तीन वर्षांची असताना आलो, ग्रीनकार्डची रांग सरकत नाही. एच-४ मुलांना फाफ्सा नाही, सरकारी ग्रँट नाही, सरकारी कर्ज नाही, आणि बरीच खाजगी कॉलेजं त्यांना आंतरराष्ट्रीयच्या गठ्ठ्यात टाकतात. तिची सगळी शाळा इथे झाली, मैत्रिणी इथल्या, आणि फॉर्म भरताना कळलं की आपण बाहेरच्या. एकवीस पूर्ण झाले की एच-४ ही सुटतो, ते वेगळंच. (मूल इथे जन्मलेलं असेल तर ते स्वतः फाफ्सा भरू शकतं, आई-वडिलांचा व्हिसा काहीही असो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.)

आता तुमचं. दोन शब्द पक्के करा. 'नीड ब्लाइंड' म्हणजे प्रवेश देताना पैशाकडे बघत नाहीत. आंतरराष्ट्रीय मुलांसाठी असं करणारी मोजकीच आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही जुनी, मग २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन, आणि अलीकडे नोत्र दाम, ब्राउन, वॉशिंग्टन अँड ली. बाकी बहुतेक 'नीड अवेअर', म्हणजे तुम्हाला किती द्यावे लागतील हे बघून मग ठरवतात. तिथे बाहेरच्या मुलांसाठी वर्षाची ठराविक रक्कम असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एड हवी असेल तर पहिल्या अर्जातच मागा. "आधी प्रवेश मिळू दे, मग मागू" असं आपल्याकडचे सल्लागार सांगतात, ते फार महागात पडतं. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी मागितली नाही तर पुढची चारही वर्षं आंतरराष्ट्रीय मुलांना मागता येत नाही.

कडीपत्ता | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

गोधडीताईंनी अगदी नेमकं सांगितलं. भीमाकाठ दादा, ईडीचं तुमच्यासाठी: १४ लाख म्हणजे साधारण १६ हजार डॉलर. जे कॉलेज घेतलेल्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय मुलाची पूर्ण गरज भागवतं, तिथे तुम्हाला ईडीची भीती मधल्यांपेक्षा कमी, कारण तिथे घेतलं तर परवडेल असंच घेतात. मात्र तो एकच अर्ज कुठे करायचा हे ठरवायला आकडेवारी बघा. बहुतेक कॉलेजं कॉमन डेटा सेट म्हणून एक कागद दरवर्षी काढतात. त्यात सी२१ मध्ये ईडीला किती आले, किती घेतले ते असतं, आणि एच६ मध्ये किती परदेशी मुलांना एड दिली आणि सरासरी किती. एच६ मध्ये सरासरी वीस हजार दिसली तर ते कॉलेज तुमच्यासाठी नाही, कितीही सुंदर असलं तरी. सी२१ चा टक्का बघून हुरळू नका, त्यात खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात.

टेकडीवरचा | १२ ऑक्टोबर, रात्री ८:२५

कडीपत्ता, तुमचा "धोका मधल्यांना जास्त" हा मुद्दा मला मान्य, मी सगळ्यांना एकाच मापाने मोजत होतो.

पण शेवंती, कर्जाचं एक. मुलीला स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० मिळतं, चार वर्षांचं मिळून २७ हजार. तेवढं ठीक, तेवढं नोकरी लागली की फिटतं. पालकांच्या नावावरचं प्लस लोन आधी खर्च भागेल इतकं मिळायचं, १ जुलै २०२६ पासून वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार अशी मर्यादा येतेय. म्हणजे "बघू, लोन काढू" हा जो आपला शेवटचा पर्याय असतो तोही तुमच्या लेकीच्या वर्षापासून आखडलाय, उरतं ते बँकेचं खाजगी कर्ज, आणि त्याला तुमची सही.

शेवंती | १९ ऑक्टोबर, रात्री ११:१५

उशीर झाला लिहायला. दिवाळीची गडबड, आणि मुख्य म्हणजे हिंमत होत नव्हती.

मंगळवारी एड ऑफिसला फोन केला. राहतं घर ते उत्पन्नाच्या दीडपटीपर्यंत धरतात, कोथरूडचा फ्लॅट पूर्ण. दोन मुलं एकत्र असतील तेव्हा थोडा दिलासा देतात पण किती ते आधी सांगत नाहीत. गुरुवारी चकल्या झाल्या, तेलाची कढई बाजूला ठेवली आणि लेकीला ओट्यापाशीच बसवलं. लॅपटॉप, टॅक्स रिटर्न, नवऱ्याची पेस्लिप, सगळं समोर ठेवलं. तिने तिचे बाबा किती कमावतात हे पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं तिला ते खूप वाटेल. तर ती घराच्या हप्त्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे दर महिन्याला जातात?"

कॅल्क्युलेटर तिलाच भरायला लावला. फ्लॅटसकट, भाड्यासकट. ४६ हजार आठशे. तिने कागदावर चारने गुणलं, मग खाली आमचे ३६ चारने गुणले, वजाबाकी केली, आणि बराच वेळ त्या आकड्याभोवती पेनाने गोल काढत बसली. मग विचारलं, "धाकट्याचं काय होणार होतं?" नवरा म्हणाला काहीतरी केलं असतं. ती म्हणाली, "बाबा, *काहीतरी* म्हणजे किती?" रानजाई, तुझी पोस्ट तिला वाचून दाखवली, तिला मराठी वाचता येत नाही पण कळतं. लॅबचं ऐकताना रडली.

ईडी करत नाही आहोत. काउन्सेलरला शुक्रवारी सांगितलं, ती नाराज झाली पण ऐकून घेतलं. रटगर्स आणि अजून दोन ठिकाणी ईए, ते कॉलेज रेग्युलरला, शिवाय मेरिट देणारी तीन तिने स्वतः शोधून काढलीत. ईडी टूचं दार उघडं ठेवलंय, पण ज्या कॉलेजचा आकडा ३६ च्या आत येईल तिथेच, ही अट तिनेच घातली. झेंडा भिंतीवरच आहे. मी काढ म्हटलं नाही, तिनेही काढला नाही.

कडीपत्ता, एक राहिलं. नवऱ्याचा साताऱ्याकडे वडिलोपार्जित शेतीत वाटा निघाला, सात-बाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यात हा एक. तो पण लिहायचा? आणि कागद मागितला तर मराठीतला चालेल?

कडीपत्ता | २० ऑक्टोबर, सकाळी ८:०५

फार बरं वाटलं वाचून. ४६ आणि ३६ मधलं अंतर अपिलाने भरून निघेल या आशेवर सही करण्यासारखं नव्हतंच.

शेतीचा फक्त तुमच्या वाट्याचा अंदाज लिहायचा, अख्ख्या जमिनीचा नाही. सीएसएसमध्ये शेवटी मोकळी जागा असते समजावून सांगायला, तिथे लिहा की अकरा जणांची सामाईक जमीन आहे, वाटणी झालेली नाही, एकट्याला विकता येत नाही आणि उत्पन्न येत नाही. हे लिहिलेलं माणूस वाचतो, मी वाचायचे. कागद मागितलाच तर सोबत इंग्रजी भाषांतर लागतं. आमच्याकडे एका गुजराती कुटुंबाने स्वतः भाषांतर करून खाली सही करून दिलेलं, आम्ही घेतलं होतं, पण तुमच्या कॉलेजला विचारून घ्या.

भीमाकाठ | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५० (भारतीय वेळ)

ताई, सात-बाऱ्यासाठी कोणाला तलाठ्याकडे पाठवू नका. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन मिळतो, १५ रुपये लागतात. गाव, तालुका आणि गट नंबर माहीत हवा. साइट रात्री भारतीय वेळेने जरा बरी चालते, म्हणजे तुमच्याकडे सकाळी. अडलं तर इथेच लिहा, मी काढून देतो. आणि कडीपत्ताताई, एच६ चे आकडे बघून मुलाने यादीतली नऊ कॉलेजं खोडली, चार उरलीत, आज रात्री त्यांचे कॅल्क्युलेटर भरायला बसतोय दोघं.